दाब, धर, सोड

सोमवार, ४ मार्च

भाऊजी, आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या वाढदिवसाचं नाही, त्यामुळे पाकीट बघून दचकला असाल. आधी सांगून टाकते, घरात सगळं ठीक आहे. तुमचे दादा उठतात, हिंडतात, चिडतात. आजारपणात उजव्या पायातली गेलेली ताकद अजून पुरती आलेली नाही. काठी कोपऱ्यात ठेवून भिंतीला धरून चालतात आणि कोणी पाहिलं की भिंत सोडतात. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, मागे ऑगस्ट दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. चांगला जाड कागद, टाकवत नाही.

लिहायचं कारण गाडी.

शेडचं छप्पर गळायला लागलंय आणि गाडी बाहेर काढल्याशिवाय पत्रे बदलता येत नाहीत. अकरा वर्षं ती खोळीखाली उभी होती. तुम्हाला वाटत असेल की ह्यांनी ती केव्हाच फुंकून टाकली असेल. नाही. पुढच्या डाव्या मडगार्डचा पोचा होता तसा आहे. आठवड्यातून एकदा खोळीवरची धूळ मी झटकायची, आणि आत कधी बघायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलेलं होतं.

गाडी ओढून कशी न्यायची ते विचारायला म्हणून मास्तरांना बोलावलं. हे मास्तर शाळेतले नव्हेत. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेले, आता घरी बसलेले मिस्त्री. सगळे मास्तरच म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलं आणि नुसते बघत उभे राहिले. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, हिला ओढून न्यायची म्हणजे हिचा अपमान. चालवत काढू."

हे म्हणाले, "उद्या या."

आजारपणानंतर पहिल्यांदाच ह्यांच्या तोंडून उद्या हा शब्द ऐकला. तो ऐकून मला देवापुढे बसावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तो उद्या उजाडूच नये असंही वाटलं.

कारण मास्तर म्हणतात, इंजिन सुरू होईल, पण ब्रेक सगळे उघडावे लागतील. हिचे ब्रेक तुम्हाला ठाऊक आहेत. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा तो पंप, दाबाने तेल भरून ठेवणारा लोखंडी गोळा, आणि त्या दाबावर हलकं चालणारं पेडल. पंप गंजून बसलाय आणि त्याचे भाग आता कुठे मिळत नाहीत. मास्तरांच्या मते ते सगळं काढून साध्या गाड्यांना असतो तसा हवेच्या ओढीवर चालणारा बूस्टर बसवावा. ह्यांनी तासभर वाद घातला, गाडी जशी आली तशीच राहिली पाहिजे म्हणून. मास्तर म्हणाले, "साहेब, तुम्ही तरी जसे आलात तसे राहिलात का?" आणि ह्यांच्या काठीकडे बघितलं. तिथे वाद संपला.

मी दोनदा मोडता घातला. एकदा म्हणाले, आता ह्या वयात गाडी कशाला. एकदा म्हणाले, ब्रेक नका उघडू, नुसती ढकलून बाहेर काढा. हे म्हणाले, ब्रेकशिवाय ढकललेली गाडी कुठे थांबते ते आपण एकदा पाहिलंय. मग मी आत गेले.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी पेडल तुमच्या पायाला कसं लागलं होतं? तुम्ही सांगितलं होतंत, पण तेव्हा कोणी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतं. मास्तर विचारत होते.

वहिनी


गुरुवार, १४ मार्च

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. नेहमीसारख्याच दोन ओळी. "पेडल दगडासारखं होतं. तेव्हाही हेच म्हणालो होतो." पोस्टाच्या कार्डावर एवढी जागा कोरी सोडणारा माणूस आमच्या घरात वाढला यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही.

शेडमध्ये आता रोज वर्दळ असते. मी न्याहारी आटोपून तिथेच बसते. हे खुर्चीवर, मास्तर गाडीखाली, आणि हत्यार देण्याघेण्याचं काम माझं. अकरा-बाराचा पाना डोळे मिटून ओळखते आता.

नवा बूस्टर आला. दोन खोलगट ताटं एकमेकांवर उपडी ठेवून कडा दाबून टाकाव्यात, तसा काळा डबा आहे. मला वाटलं होतं आत केवढं यंत्र असेल. आत फक्त एक रबरी पडदा आणि एक दांडा. मास्तरांनी समजावलं ते मला पटकन समजलं, म्हणून तुम्हालाही सांगते. इंजिन चालू असलं की ते एका नळीतून डब्यातली हवा ओढून घेतं. पडद्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या. आपण पेडल दाबलं की मागच्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. म्हणजे जोर पंपाचा नाही, तेलाचाही नाही. आपल्या आजूबाजूला जी हवा आहे, तिचाच. मी म्हणाले, म्हणजे फुकटचीच की. मास्तर हसले. म्हणाले, "ताई, तुम्हाला हेच ब्रेक आधी बसवून द्यायला हवे होते."

त्या नळीत एक झडप असते, हवा एकाच बाजूने जाऊ देणारी. ती बरोबर आहे का ते तोंडाने फुंकून बघायचं. ते काम माझ्याकडे आलं. एका बाजूने फुंकर सहज जाते, उलटं धरलं की गाल फुगतात पण काही होत नाही. हे बघून हसले. मी त्यांना हसताना किती दिवसांनी पाहिलं.

डबा बसवायला इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला नवी भोकं पाडावी लागली. पहिलं भोक पाडताना हे उठून बाहेर गेले, नळ दुरुस्त करायचा आहे म्हणाले. नळ चांगला होता.

आता जुने ब्रेक. मास्तरांनी ते काल उघडले. आतली रबरं बाहेर काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. भाऊजी, ती सगळी फुगलेली होती. पाण्यात राहिलेल्या वालाच्या दाण्यासारखी. आपल्या जागेत घट्ट अडकून बसलेली, हलायची नाहीत अशी. पेडल दगड झालं ते त्यामुळेच, असं मास्तर म्हणाले. दाबणाऱ्याने कितीही जोर लावला असता तरी उपयोग नव्हता. मास्तर हे तुमच्या दादांच्या समोर म्हणाले.

रबर असं कशाने फुगतं, असं ह्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, ब्रेकच्या तेलात दुसरं कसलं तरी तेल पडलं की. वंगणाचं वगैरे. थोडं पडलं तरी पुरतं, दोन-तीन आठवड्यांत काम होतं.

हे एक रबर उचलून बोटांत फिरवत राहिले.

कोणी घातलं, देव जाणे.

तर एवढं तुम्हाला कळवायचं होतं. तुम्ही खरं बोलत होतात. आता ह्यांनाही ते कळलं आहे.

वहिनी


रविवार, १७ मार्च

भाऊजी,

मागचं पत्र पेटीत टाकून आले आणि तीन दिवस देवापुढे नीट बसता आलं नाही. बसते, हात जोडते, आणि तेच वाक्य समोर येतं. देव जाणे, असं मी लिहिलं. ते खोटं नव्हतं. देवाला ठाऊक होतंच. पण मलाही ठाऊक होतं, आणि ते झाकायला मी त्याचं नाव वापरलं.

आणि पहिल्या पत्रात मास्तर विचारत होते असं लिहिलं, तेही खरं नाही. मास्तरांनी विचारलं नव्हतं. मला विचारायचं होतं.

ते तेल मी घातलं.

तेव्हा हे मोजणी खात्यात होते, महिना महिना दौऱ्यावर. जाताना मला सांगून जायचे की दर सोमवारी बॉनेट उघडून तेलाची पातळी बघायची, खुणेच्या खाली गेली तर त्या ठरलेल्या बाटलीतलंच घालायचं. घरात वही लिहिणारी मी, म्हणून हे कामही माझ्या वहीत. त्या सोमवारी पातळी बोटभर खाली होती आणि बाटलीत थेंब नव्हता. तुम्ही पुढच्या आठवड्यांत सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार होतात, गाडी लागणार होती. दुकान गावाच्या त्या टोकाला. माझ्याकडे शिलाई मशीनच्या तेलाचा डबा होता, मी तेव्हा गणवेश शिवायची ना. नितळ, पाण्यासारखं तेल. त्या बाटलीतल्या पिवळट तेलापेक्षा कितीतरी स्वच्छ. मला वाटलं, तेल ते तेल, आणि हे तर अधिक चांगलं. वाटीभर ओतलं. पुढच्या सोमवारी आणखी थोडं. आणि वहीत लिहिलं, "ब्रेकचे तेल, घरचेच वापरले. बाटली वाचली." त्या ओळीखाली मी रेघ मारली आहे, भाऊजी. शाबासकीची.

तिसऱ्या आठवड्यात तुम्ही दवाखान्याच्या उतारावर त्या दगडी खांबाला धडकलात आणि सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं.

तेव्हा मला कळलं होतं का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता उत्तर झिजून गेलंय. मी मॅट्रिक झालेली बाई, रबर आणि तेल मला काय कळणार, असं म्हणून मी स्वतःला सोडून द्यायची. पण मग सांगा, सासूबाईंना दवाखान्यात ठेवून घरी डबा न्यायला आले, तेव्हा पहिलं काम काय केलं? शेडमधल्या फळीवर राहिलेला मशीनच्या तेलाचा डबा उचलला आणि परत मशीनच्या खाली नेऊन ठेवला. ज्या बाईला काही कळलं नव्हतं तिने असं का केलं असतं?

संध्याकाळी ह्यांनी दौऱ्यावरून येऊन तुम्हाला ओसरीवर उभं करून विचारलं. तुम्ही म्हणालात पेडल दबलंच नाही. हे म्हणाले, "ब्रेक मी स्वतः केलेत. तू दाबलंच नाहीस." मी आत भांडी घासत होते. घासून झालेली भांडी परत घासत होते.

तुम्ही गेलात. गोदीवर क्रेन चालवायला लागलात. सासूबाई कुबडी घेऊन चार पावलं टाकायच्या आणि विचारायच्या, धाकट्याचं पत्र आलं का. त्यांच्या शेवटच्या दिवशी तुम्ही येऊन मागे उभे राहिलात आणि पाण्याचा घोटही न घेता परत गेलात. मी दारातून बघत होते. तेव्हाही बोलू शकले असते.

आज लिहिते आहे त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते सांगितलं नाही तर हे पत्रही अर्धंच राहील. तुमच्या दादांना वाटतंय की ती चूक त्यांची. म्हणतात, "दौऱ्यावर निघायच्या घाईत मीच दुसरा डबा उचलला असेल." जेवण निम्मं ताटात राहतं. काल टेबलावर बसून चार कागद फाडले. मी पाठकोरे म्हणून वेचून ठेवायला गेले आणि वाचले. चारही कागदांवर तुमचं लहानपणचं नाव होतं. एकावर त्यापुढे लिहिलं होतं, चूक माझी होती.

भाऊजी, तो कागद हातात धरून मी उभी होते आणि माझ्या मनात काय आलं सांगू? वाटलं, झालं. आता हे पत्र पुरं करतील, तुम्ही याल, भाऊ भाऊ बोलाल, आणि मी गप्प राहिले तरी सगळं जुळेल. कोणाचं काय बिघडलं.

पण मग ती माफी तुम्हाला भलत्याच माणसाकडून मिळाली असती. आणि ह्यांनी नसलेलं ओझं घेऊन उरलेले दिवस काढले असते, जसे तुम्ही काढलेत. एका घरातल्या दोन माणसांवर मी ते टाकू शकत नाही.

तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुमचं देणं जुनं आहे. ह्यांना अजून सांगायचं आहे.

वहिनी


रविवार, २४ मार्च

भाऊजी,

तुमच्याकडून काही आलं नाही. यायला हवं असंही नाही. पण सुरू केलेलं मधे सोडणं मला जमत नाही, म्हणून पुढचं सांगते.

सोमवारी सकाळी, ह्यांचा चहा झाल्यावर, ती वही समोर ठेवली. बोलायला गेले असते तर मी इकडचं तिकडचं बोलत बसले असते. पान उघडून ओळीवर बोट ठेवलं. ह्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"अक्षर तुझंच आहे," म्हणाले.

मी म्हणाले, हो.

मला वाटलं हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

मी म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सांगत होतात."

हे मी त्यांना लागावं म्हणून बोलले नव्हते, पण लागलं असावं. वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि काठी न घेता शेडकडे गेले. दोन दिवस कामापुरतं बोलणं. पाणी तापलं का. पोस्टमन येऊन गेला का. मास्तरांनी ओळखलं असणार. ते मुद्दाम माझ्याकडे पाना मागायचे आणि ह्यांच्याकडे कापड.

पण काम कोणासाठी थांबत नाही. जुनी रबरं, नळ्या, सगळं फेकलं. लोखंडी नळ्यांतून नवं तेल तीन-तीनदा वाहवून स्वच्छ केलं. मास्तर म्हणाले, जुन्याचा एक थेंब राहिला तरी नव्या रबराचंही तेच होईल. नव्या तेलाची बाटली ह्यांनी स्वतः फोडली आणि माझ्या हातात दिली. ओत म्हणाले. मी ओतलं. खुणेवर बरोबर थांबले.

मग बूस्टरचा दांडा. तो पुढच्या, तेल ढकलणाऱ्या सिलिंडरला टेकला तर ब्रेक सुटत नाहीत, फार दूर राहिला तर पेडल पोकळ जातं. मधे केसाएवढी फट हवी. ती मोजायची कशी, आत तर दिसत नाही. मास्तरांनी माझ्याकडे भिजवलेल्या पिठाची वाटाण्याएवढी गोळी मागितली. दांड्याच्या टोकाला ती लावली, सिलिंडर वर बसवला, घट्ट केला, पुन्हा काढला, आणि चपटी झालेली गोळी मोजली. पहिल्यांदा गोळी पार चिरडली होती, म्हणजे दांडा लांब. दोन फेरे आत घेतला. दुसऱ्यांदा कागदाएवढी चकती राहिली. ह्यांनी ती स्वतः मोजली, मोजणी खात्यातल्या माणसाला दुसऱ्याचं माप कसं पटणार. बरोबर आहे म्हणाले. ती चकती मी पाखरांना टाकली.

शुक्रवारी मास्तर दात काढायला गेले आणि नळ्यांतली हवा काढायचं काम राहिलं होतं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून छोटा स्क्रू सैल करायचा, हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे, पुन्हा आवळायचा. दाबणाऱ्याने पाय आधी सोडला तर बाहेरची हवा पुन्हा आत शिरते, आणि सगळी मेहनत वाया.

हे शेडमधून मला हाक मारायला आले. चार दिवसांनी पहिली हाक.

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. एकतीस वर्षं त्या गाडीची धूळ झटकतेय आणि त्या जागेवर पहिल्यांदा बसले. हे पाटावर बसून मागच्या चाकाशी. मला दिसत नव्हते, नुसता आवाज.

"दाब."

दाबलं.

"धर."

धरलं. पायाखाली पेडल हळूच खाली गेलं.

"सोड."

असं चार चाकांना, प्रत्येकी पंधरा-वीस वेळा. दाब, धर, सोड. तिसऱ्या चाकाला ह्यांनी धर म्हटलं आणि सोड म्हणायचं विसरले. मी धरूनच बसले. पोटऱ्या भरून आल्या. मग चाकामागून आवाज आला, "त्याला मी म्हणालो होतो, तू दाबलंच नाहीस."

मी पाय सोडला नाही.

"सगळ्यांच्या समोर म्हणालो होतो," असं म्हणाले. आणि मग, "सोड."

शेवटची परीक्षा काल झाली. मास्तर गालाला फडकं बांधून हजर. त्यांनी मलाच बसवलं, म्हणाले, "कमी ताकदीच्या पायाला जमलं पाहिजे." मी म्हणाले, ह्यांच्यापेक्षा माझा पाय बरा आहे. हे म्हणाले, आता सगळेच बोला.

इंजिन बंद. पेडल चार-पाचदा दाबायचं, आत साठलेली ओढ संपेपर्यंत. पहिले दोन-तीन दाब मऊ गेले, मग घट्ट, मग घट्ट, आणि मग दगड. भाऊजी, दोन्ही पायांनी दाबलं तरी हलेना. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, त्या उतारावर तुमच्या पायाखाली काय होतं. आई शेजारी बसलेली, समोर खांब, आणि पायाखाली हे. मी तशीच बसून राहिले. मास्तर म्हणत होते, ताई, पाय काढू नका, तसाच दाबून ठेवा.

ह्यांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन खोकलं, धरलं. आणि पायाखालचा दगड आपोआप मऊ होऊन बोटभर खाली गेला. मी काहीच जास्त केलं नव्हतं. मास्तर म्हणाले, हीच खूण. लागलं काम.

डोळे पुसायला हात रिकामे नव्हते, हाताला काळं लागलं होतं. पदराला लागलेलं अजून निघालेलं नाही.

वहिनी


सोमवार, ८ एप्रिल

भाऊजी,

पत्र मिळालं. कार्ड नव्हे, पत्र, तेही दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा जड लागलं, मला वाटलं माझीच पत्रं परत पाठवलीत.

तुम्ही लिहिलंय, "वहिनी, तो डबा तुम्ही शेडमधून उचलून मशीनखाली ठेवलात तेव्हा मी जिन्यात बसलो होतो. तुम्ही मला पाहिलं नाहीत. मी हुंगून पाहिला, वर्कशॉपमधल्या मित्राला विचारलं, आणि दुसऱ्या दिवशीच मला कळलं." हे वाक्य मी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसले.

म्हणजे ओसरीवर दादा बोलत होते त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं. आणि अकरा वर्षं मी दर वाढदिवसाला तुम्हाला आशीर्वाद लिहीत होते, आणि तुम्ही दोन ओळींची पोच पाठवत होतात. त्या दोन ओळी एवढ्या लहान का असायच्या ते आता कळलं. तिसरी लिहिली असती तर ते आलं असतं.

का सांगितलं नाहीत, याचं उत्तर तुम्ही चेष्टेत दिलंय. "मला हाकललं तर मी कुठेही चार घास मिळवीन. तुम्हाला कोणी काही बोललं असतं तर आईला भरवलं कोणी असतं? दादांना तर चहासुद्धा येत नाही." भाऊजी, चहा आता त्यांना येतो. बाकी तुमचं बरोबर आहे. सासूबाईंना सात वर्षं मी भरवलं, आणि प्रत्येक घासाला वाटायचं की मी काहीतरी फेडतेय. ते फेडायला मला ह्या घरात तुम्ही ठेवलंत, हे मला ठाऊक नव्हतं.

पण एवढं शहाणपण कोणी शिकवलं होतं तुम्हाला? दहा वर्षांचे होतात, मी ह्या घरात आले तेव्हा. नाक पुसायलासुद्धा माझ्याकडे यायचात. मोठे झालात म्हणून मला न विचारता माझी चूक उचलून घेऊन जायची? रागावले आहे. आलात की समोर रागवेन.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं नाही. हातात दिलं. दोनदा वाचलं, घडी घातली आणि ती घडी माझ्या वहीत त्या पानात ठेवली. म्हणाले, "आता ह्या पानावर दोघांचीही अक्षरं आहेत." मग गाडी धुवायला गेले. गाडी कालच धुतली होती.

काल मास्तर आले होते. छप्पर झालंय, मडगार्डचा पोचा तसाच ठेवायचा असं ह्यांनी ठरवलं. मास्तरांनी इंजिन चालू केलं, गाडी शेडच्या दारापर्यंत आणली आणि चावी ह्यांच्या हातात दिली. म्हणाले, साहेब, पेडल फुलासारखं आहे, तुमच्या पायालाही जमेल, एक फेरी मारा. ह्यांनी चावी घेतली आणि खिशात टाकली.

"पहिली फेरी तो मारेल," म्हणाले.

मास्तरांनी कोण म्हणून विचारलं. हे म्हणाले, "धाकटा. अकरा वर्षं गोदीवर एवढाल्या पेट्या उचलतो आणि जमिनीवर अलगद ठेवतो. ब्रेक त्याला कळतात."

हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण ते स्वतः तुम्हाला लिहिणार नाहीत. अजून दोन कागद फाडलेत. त्यांची वाट बघू नका.

तुम्ही लिहिलंय, सुट्टी मिळाली तर बघतो. गोदीवरचं मी काही सांगू शकत नाही. फक्त आलात की गाडीत बसून आधी हे करा. इंजिन बंद असताना पेडल दाबा, दगड होईपर्यंत. पाय काढू नका. मग दादांना खिडकीतून चावी फिरवू द्या. पुढचं तुमच्या पायालाच कळेल. आणि मास्तर म्हणतात, इंजिन बंद पडलं तरी त्या डब्यात दोन-तीन दाबांपुरती मदत शिल्लक असते. तेवढ्यात माणूस थांबू शकतो.

आज सकाळी गाडीत झाडू मारत होते. ड्रायव्हरच्या पायाशी काहीतरी वेगळं वाटलं. वाकून बघितलं. ह्यांच्या आखूड पायांमुळे ती सीट कायम पुढे ओढलेली असायची, तुम्ही बसायचात तेव्हा गुडघे स्टिअरिंगला लागायचे आणि तुम्ही कुरकुरायचात. भाऊजी, सीट तीन खाचा मागे सरकवलेली आहे. मी सरकवलेली नाही, आणि मास्तर माझ्याहून बुटके आहेत.

वहिनी